रोहिणीची धाकटी बहीण

आमच्या भागात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. ती अशी वाकलेली असतानाच मागं जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. का घालतात, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. परका माणूस बघेल तर म्हणेल, या बाईनं केलंय तरी काय? पण जिच्या पाठीत ते धपाटे बसतात ती पुढं दिवसभर ‘आई गं, मोडली की गं पाठ’ म्हणत सगळ्या घरातून मिरवत फिरते.

माझी पाठ चाळिशीला आली तरी कोरडीच होती.

मला भाऊ एकच आणि आम्ही बहिणी दोघी. आत्या दोन आणि मान एक, दुखणं सगळं तिथंच. भावाला पहिला मुलगा झाला तेव्हा नाव आक्कानं सांगितलं. ती थोरली, त्यामुळं मी काही बोलले नाही. मागं उभी राहिले, तिला धपाटे घातले, सगळ्यांबरोबर हसले. आई त्या वेळी म्हणाली होती, “पुढच्याला तू सांग गं.” आई हे कधीच विसरून गेली असेल. मी विसरले नव्हते. भावजयीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्या पाळण्यापाशी वाकून उभी होते.

आक्काबद्दल आता सांगावंच लागेल. ती बेळगावला शाळेत शिकवते. मी रामनगरला, गोव्याच्या हमरस्त्यावर, नवऱ्याबरोबर चहा-भज्यांचं दुकान चालवते. माहेर आमचं रामनगरपासून आत, बाजारकुणंगच्या बाजूला, भाताची चार खाचरं आणि बाकी सगळं रान. आक्का वर्षातून दोनदा माहेरी येते आणि आली की घरात सण असतो. आई लोण्याचं तूप कढवते, आबा दाढी करून बसतात. मी आठवड्याला जाते. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की आई म्हणते, “आलीस व्हय? बरं झालं. भातावर कोंबड्या यायलेत बघ, हाकल जरा.” पाणी दे, बस, असलं काही नाही. आधी कोंबड्या.

आक्का वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नाही. येताना माझ्यासाठीही साडी आणते, आणि ती साडी मला आवडते, आणि मला आवडेल अशी साडी तिला निवडता येते याचाही मला राग येतो. तिचा आवाज गोड आहे. तिचे केस अजून काळे आहेत. माझ्या अंगाला मात्र तळणाचा वास, तोही जाता जात नाही. पोटात दुखायला याहून जास्त काय लागतं?

तर मुलगी झाली. भावजयीला आई नाही, म्हणून हे बाळंतपण सासरीच, आणि दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर मी बसलेली. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईनं ते तांबडंलाल गाठोडं माझ्या हातात दिलं. आईच्याही आधी माझ्या हातात. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, ही माझी. हिचं नाव मीच सांगणार. भाऊ फोनवर आक्काला सांगत होता, “व्हय गं, पोरगी. तुझ्यासारखी दिसते.” बाळ दोन तासांचंसुद्धा झालं नव्हतं आणि लगेच कुणासारखं दिसायचं झालं होतं.

आक्का तिसऱ्या दिवशी आली, चांदीचे वाळे घेऊन. संध्याकाळी आम्ही सगळे खळ्यावर होतो. मळणी अर्धी झालेली, भाताची रास उघड्यावर. गवे आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून आबांनी शेकोटी पेटवली होती. चंद्र अजून उगवला नव्हता. भाऊ म्हणाला, भटजींनी पत्रिका बघितली, मुलीचं जन्मनक्षत्र रोहिणी आहे.

“रोहिणी?” आबा म्हणाले. “कायतरी सांगालाय काय? रोहिणी पेरणीला असती. आता कापणी झाली, आता कुठली रोहिणी?”

आबांचं चुकलेलं, पण त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं. आमच्याकडं रोहिणी म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटचे ते तापलेले दिवस. धुळीत भात पेरायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. रोहिणी निघाली, रोहिणी संपली, मिरग लागला, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ती आभाळात कुठं असते हे कुणी विचारलंच नव्हतं. ती कॅलेंडरात असते, एवढं सगळ्यांना पुरत होतं.

आक्का उठली. पूर्वेला झाडांच्या शेंड्यांवर बोट दाखवून म्हणाली, “ती बघा आबा. तांबूस दिसते न्हवं, ती रोहिणी.”

सगळे उठून उभे राहिले. मीही राहिले, काय करणार? खरंच होती. बाकीच्या पांढऱ्या चांदण्यांत एक तांबडी, निखाऱ्यावर राख धरायच्या आधी असतो तसा रंग. आक्का शाळेत सांगते तसं सांगायला लागली. पेरणीच्या दिवसांत सूर्य रोहिणीच्या घरात असतो, म्हणून तेव्हा त्याच्या उजेडात ती दिसत नाही. ती दिसते आता, थंडीत. आबा कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे जन्मभर तोंड न बघताच हिचं नाव घेतलं म्हण की आम्ही.” आणि हसले. आबा माझ्या कुठल्या बोलण्यावर शेवटचे कधी हसले होते, ते मी आठवायला लागले. आठवलं नाही.

मग नावाचा अर्थ निघाला. रोहिणी म्हणजे तांबडी. तांबड्या गाईलासुद्धा रोहिणी म्हणतात. दुसरा अर्थ, वर वर चढत जाणारी. आणि मग गोष्ट. दक्षाच्या सत्तावीस मुली, सगळ्या चंद्राला दिलेल्या. चंद्रानं सगळ्यांच्या घरी सारखं राहायचं असं ठरलेलं. पण तो रोहिणीच्या घरी गेला की तिथंच बसायचा. ती सगळ्यांत देखणी. बाकीच्या बहिणी बापाकडं रडत गेल्या, बापानं जावयाला समजावलं, जावई ऐकेना, तेव्हा बापानं शाप दिला, झिजत जाशील. चंद्र झिजायला लागला. मग देवांनी मध्ये पडून अर्धा शाप मागं घेतला, म्हणून तो झिजतो आणि पुन्हा भरतो.

“चंद्राची लाडकी!” भाऊ म्हणाला. “ठरलं की मग. रोहिणीच ठेवू या नाव.”

“गोड हाय,” आई म्हणाली. “आणि आक्कानंच सांगू दे कानात. नाव तिनं आणलंय न्हवं?”

कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी शेकोटीत लाकूड सारत होते. त्या सव्वीस जणींपैकी एकीनं तरी चंद्राचं घर पेटवून द्यायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. मला विचाराल तर ती गोष्ट लाडकीची नव्हेच, ती त्या सव्वीस जणींची आहे. पण गोष्ट नेहमी लाडकीच्या बाजूनंच सांगतात, आणि सांगणारीही बहुतेक लाडकीच असते.

रामनगरला परत आले ती धुमसतच. तीन दिवस भजी करपत होती. नवरा म्हणाला, “गिऱ्हाईकांनी काय केलंय तुझं?” मी ठरवलं होतं, हे नाव होऊ द्यायचं नाही. त्या नावात काहीतरी खोट असणारच. नाव मोडलं की नाव आणल्याचा मानही मोडेल, आणि मग आईला तिच्या जुन्या बोलण्याची आठवण करून देता येईल.

पत्रिका बघितलेले भटजी आमच्याच दुकानात रोज बिनसाखरेचा चहा घेतात. त्या दिवशी मी न मागता त्यांच्यापुढं गरम कांदाभजी ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “भटजी, रोहिणी नावात वाईट असं काय असतं का हो?”

भटजींनी माझ्याकडं नीट बघितलं. “वाईट? कुणासाठी?”

“असंच. भाचीचं ठेवालेत.”

गोष्ट सांगायला मिळाली की भटजींना चहा थंड झाल्याचं भान राहत नाही. ते म्हणाले, चंद्राची गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कुणी सांगत नाही. प्रजापतीचं मन एकदा स्वतःच्याच मुलीवर गेलं. ती घाबरून हरिणी झाली, तांबडी हरिणी, तीच रोहिणी. तो काळवीट होऊन तिच्यामागं धावला. देव संतापले. एका शिकाऱ्यानं बाण मारून त्याला खाली पाडलं. अजून आभाळात सगळं तसंच आहे. पुढं रोहिणी, मागं मृग, मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन चांदण्या आणि त्याच्या मागं तो झगझगीत व्याध.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. असल्या गोष्टीतलं नाव कोण ठेवेल पोरीला! मी भटजींपुढं आणखी भजी ठेवली. तेवढ्यानंच घात केला, कारण भज्यांच्या आशेनं ते बसून राहिले आणि आणखी एक गोष्ट सांगून मोकळे झाले.

“आणि रोहिणीला एक धाकटी बहीण होती, ते ठाऊक हाय का तुम्हाला?”

मी झारा हातात धरून तशीच थांबले.

“अभिजित. आता पोरांना ठेवतात ते नाव, पण जुन्या गोष्टीत ती बहीण. तिला वाटायचं, थोरलीचा मान आपल्याला पाहिजे. हेवा करायची रोहिणीचा. शेवटी मोठी व्हायचं म्हणून रानात तपाला निघून गेली आणि आभाळातली तिची जागा रिकामी पडली. म्हणून आता नक्षत्रं सत्तावीसच मोजतात. तिला धरत नाहीत.”

“मग मिळाला का मान?”

“ते काय गोष्टीत सांगितलं न्हाई,” भटजी म्हणाले. “पण गंमत बघा, अभिजित म्हणजे जिंकून घेणारी. आणि दुपारी बाराच्या मुहूर्ताला तिचंच नाव. त्याला कसला दोष लागत न्हाई. तुमच्या बारशालासुद्धा मी तोच दिलाय.”

रानात निघून गेलेली धाकटी. कुणी मोजत नसलेली. हे माझ्याबद्दल गावभर बोलतात की काय, असं मला क्षणभर वाटलं. ती चांदणी दिसते का, असं विचारलं, तर भटजी म्हणाले, हल्ली दिवस मावळला की वायव्येला बघा, पांढरी, ठळक, लवकर मावळते. संध्याकाळी दुकानामागं भांडी घासायच्या जागी जाऊन उभी राहिले. ट्रकांच्या दिव्यांनी आधी काही दिसेना. मग दिसली. गोव्याच्या बाजूच्या रानावर, एकटी, स्वच्छ पांढरी. रोहिणीपेक्षा कितीतरी जास्त तेजाची होती, हे मी शपथेवर सांगते. मागं वळून बघितलं तर पूर्वेला ती तांबडी वर चढत होती. ही आपली खाली रानात उतरत होती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. हरिणीची गोष्ट मी जिभेच्या टोकावर धरून नेली होती. स्वयंपाकघरात सगळ्या होत्या. आई, बाळाला घेतलेली भावजय आणि रजा वाढवून राहिलेली आक्का. मी गोष्ट सांगितली, काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, “असलं नाव ठेवायचं काय आपल्या पोरीला?”

भावजयीनं बाळाला जरा जवळ घेतलं. आई तांदूळ निवडत होती, तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

“बापाची नजर वाईट निघाली, त्यात पोरीचा काय दोष?” ती म्हणाली. “पळाली, वाचली. चांगली हाय की पोरगी. ऱ्हाऊ दे तेच नाव.”

आई शिकलेली नाही, आणि तिच्यापुढं कुणाचंच काही चालत नाही. अभिजितची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. ती मी माझ्याजवळ ठेवली.

बारशाच्या दिवशी सकाळपासून मी चुलीपाशी. घुगऱ्यांचे हरभरे शिजवायचे, भात, आमटी, खीर, सगळं माझ्याकडं, कारण माझ्या हाताला सवय आहे. आक्का ओसरीवर पाळणा सजवत होती. झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, आणि मध्ये तिनं स्वतः विणलेलं झबलं. बारा वाजत आले तशा बायका जमल्या. भावजय नव्या साडीच्या निऱ्या करायला आत गेली आणि बाळाला माझ्या हातात देऊन म्हणाली, “वन्सं, धरा जरा.”

स्वयंपाकघरात मी आणि बाळ. हरभरे रटरटत होते. बाहेर सगळ्या बोलत होत्या. बाळ जागं होतं आणि दिव्याकडं बघावं तसं माझ्या कपाळाकडं बघत होतं. मी दाराकडं पाठ केली. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, हळूच ‘कुर्रर्र’ केलं आणि सांगितलं, “अभिजित.”

एकदाच सांगितलं, अगदी नीट. दाराशी बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

मग बारा वाजले. पाळण्याभोवती गर्दी झाली, पाळणे म्हणून झाले आणि आईनं हाक मारली, “आक्का, ये गं.” आक्का रेशमी साडी सावरत वाकली. मी तिच्या बरोबर मागं जागा धरली होती. तिनं कुर्र केलं, रोहिणी म्हटलं, आणि माझा हात तिच्या पाठीत असा बसला की शेजारची काकू म्हणाली, “अगं, जीव घेशील तिचा!” सगळ्या हसल्या. आक्काही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “रोहिणी, रोहिणी” म्हणत जो तो पाळण्याला हात लावत होता. मी मनात म्हणत होते, म्हणा किती म्हणायचं ते. पहिलं नाव माझं गेलंय कानात, आणि ही वेळसुद्धा अभिजितचीच.

जिंकले होते. घुगऱ्या वाटताना मी स्वतःला तेच सांगत होते. जेवणाच्या पंगती उठल्या, बायका निघायला लागल्या, आणि आक्का ओसरीवर बसून कुणाकडून तरी पाठ चोळून घेत म्हणाली, “मोडली गं पाठ!” तेव्हा माझ्या जिंकण्यातली सगळी हवा निघून गेली. नाव मी सांगितलं होतं. पण माझ्या पाठीत कुणाचाच हात पडला नव्हता. कुणाला ठाऊकच नव्हतं, तर पडणार कसा? मला नुसतं नाव सांगायचं नव्हतं. मला तो मार पाहिजे होता. सगळ्या घरातून मिरवायचा, आई गं म्हणत फिरायचं, आईनं ‘बस जरा’ म्हणायचं, हे सगळं पाहिजे होतं.

मागच्या दारी विहिरीपाशी मी पातेली घासायला बसले. राखेनं हात काळे झालेले, पदर खोचलेला, समोर खिरीचं करपलेलं पातेलं. वाकून घासत होते.

तेवढ्यात पाठीत धपकन बसला. असा बसला की हातातलं पातेलं घरंगळत विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलं.

मागं आक्का उभी. तिनं दुसरा घातला. मग तिसरा. हसत नव्हती. रेशमी साडी तशीच, हातात हिरव्या बांगड्या, त्या वाजत होत्या. त्या कुठं ऐकल्या होत्या ते मला तिथंच कळलं.

“कुठलं नाव सांगितलंस?” ती म्हणाली.

मी पातेल्याकडं बघत राहिले.

“नको सांगू,” आक्का म्हणाली, आणि माझ्या पाठीवरची साडी जरा सारखी करून आत निघून गेली.

मला राग यायला हवा होता, आणि आला. माझ्या एकुलत्या चोरीतसुद्धा ती वाटेकरी झाली होती, आणि मान दिला तोही तिनंच, मोठ्या मनानं, नेहमीसारखा. पण पाठ चांगलीच चुरचुरत होती.

संध्याकाळी आई म्हणाली, “ऱ्हा की आज.” मी म्हटलं, दुकान आहे. आक्का अंगणात उभी होती, आम्ही एकमेकींकडं बघितलं. रस्त्याला येऊन बस धरली. बसमध्ये जागा होती, खिडकीपाशी बसले. रानावर ती पांढरी चांदणी उतरायला लागली होती. रामनगर येईपर्यंत मी सीटला पाठ टेकवली नाही.